कानशिलांवरचे पांढरे केस कोरेच राहतात? मेहंदी का चढत नाही, ते असं शोधा

चार तास मेहंदी डोक्यावर ठेवली. धुतली, केस वाळवले, आरशात पाहिलं. मागच्या बाजूला रंग छान धरलाय, पण दोन्ही कानशिलांवर आणि भांगाच्या पुढच्या दोन बोटांत पांढरे केस जसेच्या तसे. नेमकी जी जागा झाकायची होती, तीच कोरी.

मी नाशिकला पंचवटीत राहते. घरातल्या, वाड्यातल्या आणि नात्यातल्या बायकांच्या डोक्याला गेली अठरा वर्षं मेहंदी लावते आहे, आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच. तिच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "ताई, माझ्या केसांवर मेहंदी चढतच नाही. आता ती काळ्या मेहंदीची पुडीच आणते." हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. त्या पुडीपर्यंत जाण्याआधी निदान इतकं तरी तपासा, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या अनुभवात दहातल्या आठ जणींच्या केसांत काहीच दोष नसतो. केस आणि मेहंदी यांच्या मध्ये काहीतरी आलेलं असतं. कधी तेल, कधी थंडी, कधी दही, कधी पाण्यातला क्षार.

तुमचं लक्षण कोणतं?

- पांढरे केस अजिबात रंगले नाहीत, किंवा फक्त कानशिलं आणि भांग कोरा राहिला.
- रंग आला, पण भडक केशरी.
- रंग छान आला आणि चार-पाच न्हाण्यांत उतरला.
- रंग ठीक, पण केस राठ झाले, विंचरताना तुटतात.
- मेहंदीवर इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पूड, लावली आणि केस हिरवट किंवा जांभळट दिसू लागले.
- खाज, पुरळ, पापण्यांना सूज, टाळूवर फोड. असं काही असेल तर बाकीचं सोडा आणि सरळ शेवटचा भाग वाचा.

पुढच्या तपासण्या मी फुकटातल्या आणि सोप्या आधी, खटाटोपाच्या नंतर अशा लावल्या आहेत. त्याच क्रमाने जा. मधली पायरी गाळून थेट महागडी पूड आणणाऱ्या पुष्कळ जणी मी पाहिल्यात. रंग पुन्हा तसाच येतो आणि पैसे जातात.

त्याआधी मेहंदी रंगते कशी, ते थोडक्यात. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो, पण तो कोरड्या पानात मोकळा नसतो, साखरेशी जोडलेला असतो. पाण्यात भिजल्यावर, त्यातही किंचित आंबट पाण्यात, तो हळूहळू सुटतो. मग केसांतल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतो. तळहातावर आणि नखांवर मेहंदी रंगते तीही याच कारणाने, कारण त्वचेचा वरचा थर आणि नखं केराटिनचीच असतात. हा रंग पारदर्शक तांबूस-केशरी आहे. काळ्या केसावर तो उन्हात चमकतो तेवढाच दिसतो, पांढऱ्या केसावर पुरता उघडा पडतो. म्हणून नुसत्या मेहंदीने पांढरा केस काळा कधीच होत नाही. तुमची मेहंदी "बिघडली" म्हणजे तीनपैकी काहीतरी झालं: रंग सुटला नाही, केसापर्यंत पोचला नाही, किंवा त्याला वेळ मिळाला नाही.

१. दोन दिवस थांबलात का?

केशरी रंग पाहून घाबरलेल्या बायकांना मी पहिलं हेच विचारते. धुतल्यावर लगेच दिसणारा रंग हा शेवटचा रंग नसतो. हवेशी संयोग होऊन तो दोन-तीन दिवस गडद होत जातो. आज गाजरासारखा दिसणारा केस परवा तांबूस-तपकिरी दिसेल. हातावरची मेहंदी लग्नाच्या आदल्या रात्री काढतात आणि ती दुसऱ्या दिवशी जास्त रंगते, तसंच हे.

या काळात शाम्पू लावू नका. मेहंदी नुसत्या पाण्याने धुवा, लेप सगळा निघेपर्यंत. शाम्पू तिसऱ्या दिवशी. "चार धुण्यांत उतरला" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींनी पहिलं धुणंच त्याच संध्याकाळी शाम्पूने केलेलं असतं.

२. केसांवर तेल आहे का?

माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण हेच, आणि आपल्याकडे ते सवयीतून येतं. माझ्या आत्या शनिवारी रात्री डोक्यावर खोबरेल थापायच्या आणि रविवारी सकाळी त्यावरच मेहंदी लावायच्या. "कोरड्या केसांवर मेहंदी लावली की केस राठ होतात गं," हे त्यांचं म्हणणं. राठपणाबद्दल त्या चुकीच्या नव्हत्या. पण तेलाच्या थरावर लेप बसतो आणि रंग त्या थरापाशीच अडतो. काळ्या केसांवर हे कळत नाही, कारण तिथे मुळात फार काही दिसायचं नसतं. पांढऱ्यावर लगेच कळतं.

कानशिलांचं आणखी एक आहे. चेहऱ्याला लावलेलं क्रीम, उन्हासाठीचं लोशन, पावडर, कपाळावरचा घाम आणि तेलकटपणा, हे सगळं केसांच्या त्या काठावर जातं. मागच्या केसांना यातलं काही लागत नाही. मागे रंग चढला आणि कानशिलं कोरी राहिली, तर आधी क्रीमचा विचार करा.

तपासायला पाण्याचा एक थेंब पुरतो. कोरड्या कानशिलावर बोटाने थेंब सोडा. तो मोत्यासारखा अडून राहिला तर वर काहीतरी थर आहे.

उपाय: मेहंदीच्या आदल्या दिवशी दोनदा शाम्पू, कंडिशनर नाही, सीरम नाही. घरची शिकेकाई-रिठा साध्या तेलाला पुरते. सीरम वापरत असाल तर शाम्पूच घ्या, तो थर शिकेकाईने नीट निघत नाही. मेहंदी लावायच्या दिवशी तोंडाला क्रीम लावायचं नाही. कपाळ रंगू नये म्हणून व्हॅसलिन लावतात, ते लावताना केसांपासून अर्धं बोट दूर राहा. राठपणाची भीती असेल तर तेल मेहंदीनंतर लावा, दुसऱ्या दिवशी रात्री. रंग तोवर केसाला धरलेला असतो.

३. कानशिलांना मेहंदी कधी लागली?

बहुतेक जणी मागून सुरुवात करतात. कानशिलांपर्यंत येईतो हात दुखायला लागलेला असतो, वाटीत मेहंदी संपत आलेली असते, म्हणून तिथे पातळ हात फिरतो. पातळ लेप आधी वाळतो, आणि वाळलेला लेप रंग देत नाही. रंग केसात शिरतो तो ओलसरपणातून.

म्हणून उलटं करा. कानशिलं आणि भांग आधी. लेप जाड, साधारण अर्धा सेंटिमीटर. बाकी डोकं संपलं की कानशिलांवर पुन्हा एक हात. मग वरून प्लास्टिकची टोपी किंवा स्वच्छ पिशवी आणि त्यावर जुना पंचा. किमान तीन तास, चिवट पांढऱ्या केसांना चार. मेहंदी डोक्यावर कडक वाळू देण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्या. केस तुटतात ते ती कडक पापडी ओढून काढताना.

४. मेहंदी भिजली होती का? नाशिकच्या थंडीचा हिशेब

ही तपासणी मी खूप उशिरा शिकले. वर्षानुवर्षं माझ्याकडे तक्रारी यायच्या त्या डिसेंबर-जानेवारीत. एप्रिल-मेमध्ये त्याच बायका, तीच पूड, आणि रंग झकास. मला वाटायचं, थंडीत बायका लवकर धुऊन टाकत असतील. खरं कारण वाटीतच होतं.

रंग सुटायला उष्णता लागते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा अडतीस-चाळीसला जातो, तेव्हा सकाळी भिजवलेली मेहंदी दोन-तीन तासांत तयार होते. थंडीत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो, शहरातही स्वयंपाकघराची फरशी बर्फासारखी असते. "रात्रभर भिजवली" हे तेव्हा पुरत नाही. रात्रभर ती नुसती थंड चिखलासारखी पडून राहते.

तयार झाली की नाही, हे घड्याळावरून ठरवू नका, तळहातावरून ठरवा. वाटाण्याएवढा गोळा तळव्यावर ठेवा, पाच मिनिटांनी पुसा. स्पष्ट केशरी डाग राहिला तर तयार. डाग फिका पिवळसर असेल तर अजून वेळ द्या. लेपाचा वरचा थर गडद तपकिरी आणि आतला हिरवा दिसू लागतो, हीदेखील तीच खूण.

थंडीत मी अशी करते: कोमट पाण्यात कालवायची, वाटीवर झाकण, मग ती वाटी पंचात गुंडाळून गरम पाण्याच्या पातेल्यात. पाणी निवलं की बदलायचं. दुपारचं ऊन येतं त्या खिडकीतही ठेवता येते. उकळतं पाणी मात्र थेट पुडीत ओतू नका. रंग भराभर सुटतो आणि भराभरच कमजोर होतो, लावायच्या वेळी जोर उरत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट चूक होते: रात्री भिजवलेली मेहंदी दुसऱ्या दुपारपर्यंत ओट्यावर राहते आणि तिचा भर निघून जातो. तयार झाली आणि लगेच लावायची नसेल तर डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका, महिनोन्‌महिने टिकते.

डोकं थंड असेल तरीही रंग मंद चढतो. थंडीत मी बायकांना पिशवी आणि पंचा बांधून गच्चीवर उन्हात बसवते. शेंगा सोलत दोन तास बसल्या की काम होतं.

५. वाटीत काय काय पडलंय?

दही, अंडं, तेल, कॉफी, कात, बीट, लवंग. प्रत्येक घराची यादी वेगळी आणि प्रत्येकीला आपल्या आईची पद्धत प्रिय. मी कुणाच्या आईला नावं ठेवत नाही. पण रंग चढत नसेल तर निदान एकदा हे सगळं काढून टाका.

दही आणि अंड्यात प्रथिनं असतात, आणि मेहंदीचा रंग प्रथिनालाच चिकटतो. तो केसाला चिकटण्याऐवजी वाटीतच दह्याला चिकटून बसतो. केस मऊ लागतात, हे खरं. पण पांढरे झाकायचे असतील तर दही वेगळ्या दिवशी लावा. तेल का नको, ते वर आलंच. कॉफीने लेप काळपट दिसतो, केसांवर त्यातलं फार काही टिकत नाही.

लोखंडी कढईबद्दल खास सांगते, कारण त्यात मोठा गैरसमज आहे. चहाच्या किंवा आवळ्याच्या पाण्यात मेहंदी कालवून कढईत ठेवली की ती काळीकुट्ट होते, आणि वाटतं रंग सुटला. तो काळेपणा लोखंड आणि चहा-आवळ्यातल्या तुरट द्रव्याच्या संयोगाचा असतो, जुनी शाई करायचे त्याच तत्त्वावर. त्याने केसांवरचा रंग थोडा गडद होऊ शकतो, पण मेहंदीचा रंग सुटल्याची ती खूण नव्हे. कढई वापरत असाल तरी तळहाताची परीक्षा घ्याच. पुढे कधी पार्लरमध्ये ब्लीच किंवा केमिकल रंग करायचा विचार असेल तर लोखंडाचा नाद सोडा, काचेची किंवा स्टीलची वाटी घ्या.

साधं प्रमाण: खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम पूड, फक्त मुळांना ५० ग्रॅम. १०० ग्रॅमला साधारण ३०० मिलिलिटर पाणी, त्यात दोन चमचे लिंबाचा रस. लेप दाट दह्यासारखा. लिंबू याहून वाढवलं तर केस कोरडे पडतात. भडक तांबडा नको असेल तर २५ ग्रॅम आवळा पूड घाला, रंग थोडा शांत होतो.

६. चार केसांची परीक्षा

एवढं करूनही कानशिलं कोरी राहिली तर आता अंदाज बांधत बसू नका. विंचरताना निघालेले किंवा कापलेले दहा-बारा पांढरे केस जमवा, दोऱ्याने बांधा. शाम्पूने धुऊन पिण्याच्या पाण्याने विसळा. तयार मेहंदीत बुडवून फॉइलमध्ये गुंडाळा, उबेला चार तास ठेवा. धुवा, दोन दिवसांनी खिडकीत उजेडात पाहा.

यातून वाट दोन बाजूंना फुटते. जुडी नीट रंगली तर पूड चांगली आहे, केसही रंग घेतात, चूक डोक्यावर होते आहे: तेल, पातळ लेप, थंडी, किंवा घरचं पाणी. जुडीही फिकी राहिली तर पूड किंवा कालवण बिघडलेलं आहे. अर्धा दिवस जातो, पण मग पुढे काय बदलायचं ते नक्की कळतं. मी नवीन पूड आणली की आधी ही जुडी करते, मगच कुणाच्या डोक्याला हात लावते.

७. पूड कशी आहे?

चांगली पूड मऊ, हिरवट-खाकी, वाळलेल्या गवतासारख्या वासाची असते. जुनी झाली की तपकिरी पडते आणि वास जातो. डब्याचं झाकण सैल राहिलं, ओट्याशी उजेडात राहिली, तर वर्षभरात तिचा जोर ओसरतो. गेल्या दिवाळीला उघडलेला पुडा यंदा वापरू नका.

दोन भेसळी घरी कळतात. चिमूटभर पूड ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लगेच पोपटी-हिरवा ओघळ पसरला तर वरून हिरवा रंग मिसळलेला आहे. खरी पूड सावकाश पिवळसर-तपकिरी डाग देते. दुसरी भेसळ वाळूची: काचेच्या पेल्यात पाण्यात एक चमचा ढवळून दहा मिनिटं ठेवा, तळाशी बोटाला खरखर लागली तर वाळू आहे. नंतर केस धुताना तासभर खडे निघतात, ते हेच.

आपल्या बाजारात येणारी चांगली मेहंदी बहुतेक राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची असते. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना आहे तसं भौगोलिक मानांकन सोजतच्या मेहंदीला २०२१ मध्ये मिळालं. पण पुड्यावर "सोजत" छापलं म्हणून काम संपत नाही, मागची घटकांची यादी वाचा. तिथे मेहंदीच्या पानांची पूड एवढंच हवं. सुटी घेत असाल तर काष्ठौषधींच्या अशा दुकानातून घ्या, जिथे माल लवकर खपतो.

८. पाणी

माझी नणंद पाथर्डी फाट्याकडे राहते. तिच्या डोक्याला मीच मेहंदी लावायचे, माझ्याच डब्यातली पूड, माझाच हात. ती पंचवटीत आली की रंग चढायचा, मी तिच्याकडे गेले की कानशिलं कोरी. तीन-चार वेळा असं झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, आता मी तुझ्याकडे येऊनच लावत जाईन." त्या दिवशी बाथरूममध्ये मला तिच्या बादलीतल्या हीटरच्या कॉइलवर पांढरी पापडी दिसली, आणि कोडं सुटलं. आमच्याकडे महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी येतं. त्यांच्या सोसायटीत बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. न्हाताना ते शाम्पू-साबणाबरोबर मिळून केसावर चिकट थर धरतात. दिसत नाही, पण केस हाताला मेणचट लागतो आणि पाणी नीट शोषत नाही. मेहंदी त्या थरावर बसते आणि थराबरोबरच धुऊन जाते. चार धुण्यांत रंग उतरण्यामागेही अनेकदा हेच असतं.

तपासायचं असं: रिकाम्या बाटलीत अर्धी बाटली घरचं पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा किसलेला चुरा, आणि जोरात हलवा. दुसऱ्या बाटलीत फिल्टरचं आरओ पाणी घेऊन तसंच करा. आरओच्या बाटलीत भरपूर फेस आणि घरच्या पाण्याच्या बाटलीत दह्याच्या कवड्यांसारखा साका, इतका फरक दिसला तर पाणी जड आहे.

उपाय स्वस्त आहे. आदल्या दिवशी शाम्पूनंतर एक लिटर पिण्याच्या पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता, विशेष करून कानशिलांवर. दोन मिनिटं थांबा आणि फिल्टरच्या पाण्याने विसळा. टाळूवर जखम किंवा ओरखडे असतील तर व्हिनेगर नको. मेहंदी कालवायलाही फिल्टरचंच पाणी घ्या. मेहंदी धुताना सगळं डोकं आरओच्या पाण्याने धुवायची गरज नाही, शेवटचा तांब्या तेवढा पुरे. नणंदेच्या घरी आता तसंच करते. तिला पंचवटीत यावं लागत नाही, तरी येते.

९. केसच चिवट असतील तर

काही पांढरे केस खरोखरच जाड आणि गुळगुळीत असतात, एका लेपात रंग घेत नाहीत. त्यांना आठवड्याच्या अंतराने दोनदा, फक्त मुळांना आणि कानशिलांना लावा. दुसऱ्या वेळी फरक दिसतो. त्यापुढे महिन्यातून एकदा, तेही फक्त मुळांना. दर वेळी टोकांपर्यंत लावत राहिलात तर टोकं गडद मरून होतात आणि मुळं तांबूस राहतात.

१०. काळाच रंग हवा असेल तर

पानांनीच काळा रंग येतो, पण दोन पायऱ्यांत: आधी मेहंदी, मग इंडिगो, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पूड. दुकानात "नीळ" मागितलीत तर कपड्यांची नीळ हातात पडेल, ती केसांना लावायची नाही. इंडिगोच्या पानांची पूड असंच सांगा.

मेहंदीला आंबट चालतं, इंडिगोला नाही. ती साध्या कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कालवायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि लगेच लावायची. तासाभरात तिचा जोर जातो. रात्री भिजवून ठेवलेली इंडिगो फुकट गेली म्हणून समजा. दीड-दोन तास डोक्यावर, लेप ओलसर. धुतल्यावर पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसते, ती एक-दोन दिवसांत काळपट होते. मेहंदी न लावता सरळ पांढऱ्या केसांवर इंडिगो लावली, किंवा मेहंदीच नीट चढलेली नसली, तर हिरवा-निळा-जांभळट रंग राहतो. म्हणून इंडिगोच्या तक्रारीची तपासणीही पहिल्या पायरीपासूनच करायची.

इथे थांबा

"काळी मेहंदी" म्हणून मिळणाऱ्या पुड्यांबद्दल. एकाच लेपात, अर्ध्या तासात पांढऱ्याचे काळे करणारं पान जगात नाही. तसं होत असेल तर पुड्यात केमिकल रंग आहे, बहुधा पॅरा-फिनिलीन डायअमाइन, म्हणजे पीपीडी, आणि सोबत बेरियम पेरॉक्साइड. घटकांच्या बारीक अक्षरांत ही नावं सापडतात. केमिकल रंग समजून, चाचणी करून वापरायचा असेल तर तो तुमचा निर्णय. मेहंदी समजून वापरू नका.

आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी तशी पुडी तीन-चार वेळा लावली होती, काही झालं नाही. पाचव्या वेळी रात्री टाळू खाजली, सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. "अगं, आधी कधीच झालं नव्हतं," असं त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. ही ॲलर्जी अशीच असते. आधीच्या वापरात शरीर त्या केमिकलची ओळख करून घेतं, आणि मग एकदम उसळतं. एकदा झाली की ती सहसा जन्माची असते.

म्हणून कोणतीही नवी पूड, अगदी शुद्ध मेहंदी किंवा इंडिगोसुद्धा, आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहा. दोन दिवस एवढ्यासाठी की ही प्रतिक्रिया लगेच येत नाही.

पुढच्या गोष्टींत घरगुती उपाय करू नका:

- खाज, पुरळ, पाणी येणारे फोड, पापण्या-कान-मानेला सूज: भरपूर पाण्याने धुऊन टाका आणि त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.
- हातावर काळ्या मेहंदीच्या टॅटूने कधी फोड आले असतील तर केसांचा कोणताही काळा रंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
- घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल तर त्या व्यक्तीला शुद्ध मेहंदीही लावू नका. हा आनुवंशिक दोष आहे, त्यात लॉसोनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तान्ह्या बाळांना तर मेहंदी नकोच, हातापायांनाही नको. मेहंदीनंतर डोळे पिवळे, लघवी गडद, चेहरा पांढराफटक किंवा धाप असं दिसलं तर तातडीने रुग्णालय गाठा.
- टाळूवर जखम, खरूज, चट्टे किंवा केसांचे पुंजके गळत असतील तर आधी त्यावर उपचार.
- विशी-पंचविशीत केस झपाट्याने पांढरे होत असतील तर रंगाच्या मागे लागण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडचा त्रास त्यामागे असू शकतो, आणि तो रक्ततपासणीत कळतो.
- आधी कोणती पूड लावली होती ते नक्की माहीत नसताना पार्लरमध्ये ब्लीच करून घेऊ नका. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, ब्लीचशी त्यांचा संयोग होऊन केस तापतात आणि तुटतात. तिथल्या ताईला आधी सगळं सांगा आणि एका बटेवर चाचणी करून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना पुडा फेकू नका, रिकामा असला तरी सोबत न्या. काकूंनी तो कचऱ्यात टाकला होता. त्यांच्या सुनेने घंटागाडी यायच्या आत तो शोधून काढला, आणि डॉक्टरांनी पाहिल्या पाहिल्या मागच्या बाजूच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.